डिटेक्टरसाठी ९९.९९ टक्के शुद्ध तांबं पुरेसं आहे का?

गामाप्रेमी: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जर्मेनियम डिटेक्टरभोवती (गामा किरण मोजणारं उपकरण) बाहेरचा किरणोत्सार अडवायला तांब्याचं आवरण करायचंय. सर्टिफिकेटवर ९९.९९ टक्के छापलंय. तरी सर म्हणतात, किरणोत्सार मोजून घे. कशानं मोजू? गामा स्पेक्ट्रोमीटर (गामा किरणांची ऊर्जा मोजणारा) की आयसीपी-एमएस (अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र)?

तळघरवाला: सर बरोबर बोलतायत. ते सर्टिफिकेट वायरवाल्यांच्या कामाचं. उरलेला भाग दहा हजारांत एक, आणि आमच्या धंद्यात भांडण चालतं लाख कोटींत एकावर! किलोभर तांब्यात इतकंच युरेनियम-२३८ असलं तरी त्याचे अडीच लाख कोटी अणू भरतात. पण अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, त्यामुळे दिवसाला फुटणार जेमतेम एक. तो एक पकडायला गामा डिटेक्टर लावून बसण्यापेक्षा सरळ अणू मोजलेले बरे, म्हणजे आयसीपी-एमएस. तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवायचा आणि सोबत नुसत्या आम्लाचा ब्लँक चालवायचाच. नाहीतर तांब्याऐवजी बाटलीचं थोरियम मोजून याल.

पण एवढ्यावर थांबू नका. युरेनियम फुटत फुटत रेडियम, बिस्मथ अशी साखळी बनते, आणि आयसीपी-एमएसला तिच्या वरच्या टोकाचं युरेनियम दिसतं. त्रास देतं ते रेडियमच्याही खालचं बिस्मथ-२१४, त्याची ६०९ केईव्हीची (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, गामा किरणाची ऊर्जा) रेषा. धातू शुद्ध करताना युरेनियम आणि रेडियम वेगळ्या वाटेनं जातात. म्हणून युरेनियम कमी म्हणजे रेडियमही कमी, असं धरून चालत नाही. तिथे गामाच लागतो. काही किलो तांबं, हवेतला किरणोत्सारी रेडॉन वायू हाकलायला नायट्रोजन, आणि आठवडे.

गामाप्रेमी: एका पेपरात तांब्यातल्या कोबाल्ट-६० बद्दल वाचलं. ते कुठून आलं?

तळघरवाला: आकाशातून. वैश्विक किरणांतले न्यूट्रॉन तांब्याच्या अणुकेंद्रावर आदळून ते तयार होतं. अर्धायुष्य ५.२७ वर्षं, रेषा ११७३ आणि १३३२ केईव्ही. उंचीवर हे न्यूट्रॉन कितीतरी जास्त, म्हणून असं तांबं विमानानं मागवत नाहीत. मेजोराना या जर्मेनियम डिटेक्टरच्या प्रयोगवाल्यांनी तर अमेरिकेच्या दक्षिण डकोटातल्या जुन्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, दीडेक किलोमीटर खाली, विद्युतविलेपनानं तांबं वाढवलं.

शिसपेन्सिल: आणि शिसं? इटलीतल्या ग्रान सासोच्या भूमिगत प्रयोगशाळेत क्युओरे प्रयोगानं आवरणाला रोमन काळातल्या बुडालेल्या जहाजातलं वापरलंय. शिशातल्या किरणोत्सारी शिसं-२१० चं अर्धायुष्य २२ वर्षं, त्यामुळे २००० वर्षांत ते संपलेलं. पण प्रोजेक्ट जमिनीवरच असेल तर एवढा खटाटोप कशाला? तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक म्युऑन (वैश्विक किरणांतून येणारे भेदक कण) जातात.

तळघरवाला: हे पटलं. जमिनीवर असाल तर आधी म्युऑन व्हेटो (म्युऑन गेला की ती नोंद वगळणारी यंत्रणा) बसवा, मग तांबं न लावता बॅकग्राउंड, म्हणजे नमुना नसतानाची नोंद, घ्या. त्यात १४६१ केईव्हीची पोटॅशियमची रेषाच ठळक दिसली तर आधी भिंतींकडे बघा. आयसीपी-एमएसचे पैसे त्यानंतर. आणि आवरण कापताना त्याच लॉटमधला, म्हणजे एकाच वितळणीतला, तुकडा बाजूला ठेवा. पुढे मोजायची वेळ आली तर दुसऱ्या लॉटचा आकडा काही कामाचा नाही.