खाटांआधी यादी एक करा
शेजारच्या शहरांनी बेघरांसाठीच्या रात्रनिवाऱ्यांतल्या खाटा वाटून घ्याव्यात, अशी एक सूचना आहे. त्याआधी या सगळ्या शहरांतल्या बेघरांची यादी एक करा. नावानिशी, संमती घेऊन, दर आठवड्याला ताजी केलेली. नाहीतर एकच माणूस तीन शहरांच्या आकड्यांत मोजला जातो आणि घर कुणीच देत नाही. 'आमच्या हद्दीतला नाही' हे उत्तर तयारच असतं! नोंदीत शेवटचा मुक्काम, कागदपत्रं, आजारपण आणि जबाबदार कार्यकर्त्याचं नाव हवंच. महिन्यात नवे किती आले, घरात किती गेले, घर मिळूनही किती परतले, हे वेगवेगळं लिहा. नुसती एकूण संख्या फसवते. रुग्णालयातून किंवा तुरुंगातून सुटणाऱ्याची खबर त्याच दिवशी मिळून काय उपयोग? बाकी खाटांचं म्हणाल, तर फिनलंडने २००८ पासून उलटंच केलं: सामायिक निवारे मोडून त्यांची भाडेकरारावरची स्वतंत्र घरं केली.