मदत हवी आहे: सापाने प्रोब उपटला, पेटीतल्या वायरी कशा बसवू?

आमची कॉर्न स्नेक (बिनविषारी पाळीव साप; मादी, दोन वर्षांची, साधारण ३ फूट) स्वभावाने गरीब, पण चौकस भारी. पेटीत काही नवं ठेवलं की जीभ लपलपवत हजर. काल रात्री थर्मोस्टॅटच्या प्रोबच्या (तापमान मोजणाऱ्या टोकाच्या) वायरीमागे शिरली आणि जोर लावून प्रोबच उपटला. तो पडला गार बाजूला. पेटी थंड आहे असं समजून थर्मोस्टॅटने हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) चालूच ठेवली. सकाळी काचेला हात लावला तर चटका बसला! नशीब, बाई दुसऱ्या टोकाच्या आडोशात होत्या. पोटाचे खवले तपासले. लाली नाही, फोड नाहीत.

प्रोब चिकटपट्टीने लावला होता. ती स्वतःच पट्टीला चिकटली असती तर, या विचाराने आता पोटात गोळा येतो.

पट्टीशिवाय प्रोब पक्का कसा बसवायचा? दिव्याची वायर आत येते तिथे करंगळीएवढी फट आहे, तिचं काय करू? आणि बाहेर काढलं की टीव्हीमागेच जायचा हट्ट असतो. वायर कुरतडेल का?

प्रतिसाद १
कुरतडायला ती काही उंदीर नाही, ती भीती सोडा. फट मात्र आजच बुजवा. डोकं गेलं की मागचं अंग येतंच. वायरीपुरतं भोक ठेवून त्यात घट्ट रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) बसवा.

मॅट पेटीच्या बाहेरून, तळाला आहे ना? मग प्रोबही बाहेरच, मॅट आणि काच यांच्यामध्ये. आत ओढायला काही उरतच नाही. आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं नसतं, म्हणून आत वेगळ्या थर्मामीटरने मोजून गरम जागा ३० अंशांच्या आसपास येईल असा थर्मोस्टॅट लावा. दिव्याला जाळी आहे का? साप तापलेल्या बल्बला वेटोळं घालून बसतात आणि भाजलं तरी लवकर हलत नाहीत.

प्रतिसाद २
चिकटपट्टी पेटीत नकोच. कधी चिकटलीच तर ओढू नका, खवले निघतात. खायचं तेल थेंब थेंब सोडून डोक्याकडून शेपटीकडे हळूहळू सोडवा.

टीव्हीपेक्षा मला रिक्लायनर खुर्ची आणि फ्रिजची मागची बाजू जास्त धोक्याची वाटते. साप आत आहे हे न कळता कोणी खुर्ची मिटली तर संपलंच. बाहेर काढाल तेव्हा हातातच ठेवा, नजर मोबाइलवर नको.

धागाकर्ता
दिव्याला जाळी नाही, तो आत्ताच बंद केला. प्रोब उद्या बाहेरून बसवतो. तोवर मॅटही बंद ठेवली तर चालेल? परवाच उंदीर खाल्लाय तिने.

प्रतिसाद १
मग रात्रभर बंद नको. ऊब नसेल तर नीट पचत नाही, ओकूनही टाकू शकते. तासाभराचं काम आहे, आजच करा.