मदत हवी आहे: एकाच फिल्मचे दोन एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) पॅटर्न जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पीएच.डी. करतेय. काचेच्या स्लाइडवर स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) झिंक ऑक्साइडची फिल्म बनवते. सब्स्ट्रेट ४०० अंश सेल्सिअसला, जाडी २०० नॅनोमीटरच्या आसपास.

साध्या थीटा-टू-थीटा स्कॅनमध्ये (आपाती कोन आणि डिटेक्टर जोडीने बदलतात) ३४.४ अंशांवर (००२)चा, म्हणजे अणूंच्या त्या नावाच्या प्रतलांचा, एकच टोकदार पीक येतो, शिवाय २० ते ३० अंशांत काचेचा फुगवटा. तो घालवायला ग्रेझिंग इन्सिडन्स करून घेतलं: आपाती कोन १ अंशावर स्थिर, फक्त डिटेक्टर फिरता. फुगवटा बसला, पण सोबत (००२)ही जवळजवळ गेला आणि ६२.९ला (१०३) सगळ्यांत उंच! पावडरच्या संदर्भ कार्डात (तिथे कण सगळ्या दिशांना असतात) तर (१०१) सर्वांत मोठा असतो. ऑपरेटर म्हणतात अलाइनमेंट ठीक आहे. लॅबमधल्यांच्या मते सॅम्पलची अदलाबदल झाली. स्लाइडवर नंबर मी स्वतः कोरलाय, त्यामुळे ते काही पटत नाही.

हे टेक्स्चरमुळे (बहुतेक कण एकाच दिशेला वळलेले असल्यामुळे) असेल का? आणि शेरर सूत्रासाठी (पीकच्या रुंदीवरून कणांचा आकार काढायला) कुठला पॅटर्न धरू?

प्रतिसाद:
ताई, सॅम्पल तेच आहे. साध्या स्कॅनमध्ये फक्त काचेला समांतर प्रतलं दिसतात. ग्रेझिंगमध्ये दिसतात ती थीटा (पीकच्या कोनाचा अर्धा) वजा आपाती कोन इतकी कललेली. (००२)साठी १७.२ वजा १, म्हणजे १६.२ अंश. तुमचे कण सी-अक्ष ((००२) प्रतलांना लंब असलेला) उभा धरून बसलेत, मग तेवढी कललेली (००२) प्रतलं येणार कुठून?

आता (१०३) बघा. झिंक ऑक्साइडच्या षट्कोनी जाळीत ती (००२)शी सुमारे ३१.७ अंशांचा कोन करतात. ६२.९च्या पीकला लागणारा कल ३०.४५. जेमतेम सव्वा अंशाचा फरक, आणि स्प्रेच्या फिल्ममध्ये कण एवढे इकडेतिकडे झुकलेले असतातच. उलट तुमचा (१०३) हाच टेक्स्चरचा पुरावा आहे!

शेररसाठी साध्या स्कॅनमधला (००२) घ्या. मिळेल तो जाडीच्या दिशेचा आकार, बाजूचा नाही. पेपरात तसं स्पष्ट लिहा. त्याआधी त्याच स्लिट ठेवून लॅन्थेनम हेक्साबोराइडची पावडर (यंत्राची रुंदी मोजायचा प्रमाणित नमुना) स्कॅन करा आणि यंत्राची रुंदी वजा करा. ग्रेझिंगमधल्या पीकची रुंदी बरीचशी डिटेक्टरसमोरच्या कोलिमेटरमुळे (ठरावीक दिशेचेच किरण आत सोडणाऱ्या भागामुळे) येते, तिच्या नादी लागू नका.

जमलं तर ओमेगा स्कॅनही मागा. डिटेक्टर ३४.४ला स्थिर ठेवून सॅम्पल १७.२च्या दोन्ही बाजूंना झुकवायचं. कण किती सरळ उभे आहेत ते त्या वक्राच्या रुंदीवरून कळतं, त्यासाठी वेगळं क्रेडल (सॅम्पल हव्या त्या दिशेला झुकवणारी जोडणी) लागत नाही. लॅबमधल्यांना तोच आलेख दाखवा.