दुधाच्या वहीतलं पान इच्छापत्र म्हणून चालेल का?

लोकमान्यनगरची लेक, इंदूर:
आई ८१ वर्षांची आहे. परवा तिने दुधाच्या हिशोबाच्या वहीतलं एक पान फाडून हातात दिलं. वर 'दीड लिटर, दही वेगळं', खाली पेन्सिलीने: 'मला मशीनवर ठेवू नका. नळ्या नकोत. घरी न्या. शुद्धीत लिहिले आहे.' आणि सही. बाबा एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते, हात पलंगाला बांधलेले. आई रोज काचेतून पाहायची. पुण्याचा दादा म्हणतो, "म्हणजे आईला आपणच मारायचं?" काय करू?

निवृत्त नोटरी, रामबाग:
ताई, दादांना सांगा, हे मारणं नव्हे. इंजेक्शन देऊन मरण देणं आपल्याकडे गुन्हाच आहे. बरं होण्याची आशा नसताना उपचार थांबवणं ही वेगळी गोष्ट. अरुणा शानबाग, म्हणजे हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं भानावर न आलेली मुंबईची नर्स; तिच्या प्रकरणात २०११ साली सुप्रीम कोर्टाने तिला मरू द्यावं हा अर्ज फेटाळला, पण उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. तिची स्वतःची इच्छा मात्र कोणालाच विचारता येत नव्हती. ९ मार्च २०१८च्या निकालाने इच्छा आधीच लिहून ठेवता येते. पूर्वी मॅजिस्ट्रेट लागायचा. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आईच्या वतीने कोण बोलणार, त्याचं नाव घाला. तरी वेळ आली की डॉक्टरांची दोन बोर्डं तपासतातच. आणि पेन्सिल नको हो!

आयसीयूतली जुनी सिस्टर:
कागद असला तरी बाहेरगावचा मुलगा आला की "सगळं करा" म्हणतो, आणि मग सगळं होतं. दादांना आत्ताच आईसमोर बसवा. शिवाय विचारा, 'नळ्या' म्हणजे कुठल्या? नाकातली? डायलिसिस? न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांच्या व्हेंटिलेटरने बऱ्या होणार असतील तर?

एक सून, सुदामानगर:
राग मानू नका. मेडिक्लेम संपल्याचं कळलं त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई "आता पुरे" म्हणाल्या. त्याला संमती म्हणायचं?

लोकमान्यनगरची लेक:
हेच टोचत होतं. काल विचारलंच, "आई, पैशांसाठी म्हणतेस का?" लसूण सोलता सोलता म्हणाली, "थोडं पैशांसाठीसुद्धा. का, माझे नाहीत का ते?" न्यूमोनियाला मशीन चालेल म्हणाली, पण सात दिवस. आठवा नाही. "आणि हात बांधायचे नाहीत, हे पेनने लिही." रविवारी दादाला व्हिडिओ कॉलवर घेतोय. बोलणार तीच आहे.