घारीसाठी पिंजरा केवढा लागेल? मदत हवी आहे, अर्जंट

गच्चीवरची_मुलगी:
संक्रांतीला एक पक्षी मांजात अडकून गच्चीवर पडला होता, डॉक्टरांनी डावा पंख कोपराच्या वरून काढला. जखम भरलीये पण उडणं संपलं म्हणाले. आता कायमचा आमच्याकडेच, आईचा फार जीव जडलाय. पिंजऱ्याचं माप सांगा आणि तयार कुठे मिळेल तेवढं सांगा, सध्या बाथरूममध्ये ठेवलाय.

माळढोक७:
टायटलमध्ये घार आहे, नक्की घारच ना? गाव कुठलं? खायला काय?

गच्चीवरची_मुलगी:
घारच हो. पुणे. बोनलेस चिकनचा खिमा देतो, आवडीने खाते.

माळढोक७:
नुसता खिमा आजच बंद करा, त्यात कॅल्शियम नसल्यातच जमा, हाडं ठिसूळ होतात. या पक्ष्यांना हाडं-पिसांसकट लागतं, न पचलेलं गोळी करून ओकून टाकतात. उंदीर नाहीतर कोंबडीचं अख्खं पिल्लू द्या. तारेची जाळी नको, धडपडून शेपटीची पिसं तुटतात. दांडीला काथ्या गुंडाळा, गुळगुळीत पाइपवर बसून तळपायाला फोड येतात आणि ते चिघळले की पक्षी हातचा जातो.

वनवाट:
अहो पिंजरा काय शिकवताय! १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, घरी ठेवताच येत नाही, ४८ तासांत कळवायचं असतं. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा.

माळढोक७:
कळवू देत की, पण आज रात्री तिने खायचं काय?

पेठकर:
नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची बंदी आहे, तरी गल्लीत उघड मिळतो. आधी त्याचं बोला.

सौ_नेहा:
आमच्याकडे कबुतरांसाठी बाल्कनीला जाळी लावून घेतली, काम छान झालं, नंबर हवा तर मेसेज करा.

मिनेसोटाकर:
इकडे अमेरिकेत कोपरापासून किंवा वरून पंख गेला तर रिहॅबवाल्यांना, म्हणजे जखमी पक्षी सांभाळणाऱ्यांना, त्या पक्ष्याला दयामरण द्यावं लागतं, नियमच आहे. तोल जातो, पडून पडून जखमा होतात.

गच्चीवरची_मुलगी:
म्हणजे वनविभागवाले नेऊन मारणार? मग मी कशाला फोन करू?

वनवाट:
तो नियम तिकडचा. बावधनला वन्यजीव उपचार केंद्र आहे, वनविभागाबरोबर रेस्क्यू संस्था चालवते, तिथे पक्ष्यांचे डॉक्टर आहेत, त्यांना बघू दे. बाथरूममध्ये कायमचं ठेवणं हेही हालच आहेत ताई.

माळढोक७:
याला माझंही अनुमोदन. पण ती दांडीवर तोल सांभाळून बसते का? उजव्या पंखाचा एक्स-रे काढला होता?