पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, नकाशात कोरडे

अ-104 : सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. काल ग्रुपवर आलेल्या उपग्रहाच्या पूरनकाशात बेळगावचे येळ्ळूर-शहापूर शिवार निळे, म्हणजे पाण्याखाली, आहे आणि आपली गल्ली कोरडी दाखवली आहे. पुराच्या त्या दिवशी पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सोसायटीच्या नाल्याबाबतच्या अर्जाला हा नकाशा जोडला, तर तो आपल्यावरच उलटणार नाही का?

ब-302 : काकू, शंका रास्त आहे. नोकरीत असताना काही वर्षे अशाच प्रतिमा हाताळल्या असल्याने थोडे सविस्तर लिहितो. हा नकाशा युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहाच्या रडार प्रतिमेवरून केला आहे. रडार सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी तिरप्या सोडते आणि त्यांतील जो भाग परत येतो तो मोजते. म्हणून पावसाळ्यात बेळगावावर आठ-आठ दिवस आभाळ उघडले नाही तरी त्याचे काही अडत नाही. संथ पाण्यावर पडलेल्या लहरी आरशावरून घसरल्यासारख्या पुढे निघून जातात आणि तो भाग काळा उमटतो, त्यामुळे उघड्या शिवारातले पाणी लगेच सापडते. गल्लीत मात्र पाण्यावरून उसळलेली लहर समोरच्या भिंतीवर आदळून उपग्रहाकडेच परतते, म्हणून तुंबलेली गल्ली नेहमीपेक्षा उजळही दिसू शकते. केवळ काळे शोधणारी पद्धत तिला कोरडी ठरवते. उलट गुळगुळीत डांबरी रस्ता आणि उंच इमारतीमागची रडारची सावली पाण्याचा थेंब नसतानाही काळीच असते.

क-201 : शिवाराच्या निळ्या रंगावरही माझा आक्षेप आहे. आमच्या शेतात त्या आठवड्यात भाताच्या रोप लागवडीसाठी आम्हीच पाणी बांधले होते.

ब-302 : अगदी बरोबर. रडारला बांधलेले पाणी आणि पुराचे पाणी यांतला भेद कळत नाही.

अ-203 : सर, पुराआधीची प्रतिमा शेजारी ठेवून फरक काढता येत नाही का?

ब-302 : येतो, आणि शहरासाठी त्यातल्या त्यात तोच भरवशाचा मार्ग आहे. इमारती जागच्या हलत नसल्याने एकाच कक्षेतून घेतलेल्या दोन प्रतिमांतील लहरी एरवी चांगल्या जुळतात. मध्ये पाणी आले की ही जुळणी ढासळते. परंतु सेंटिनेलला एका दिशेने सुमारे 5 आणि दुसऱ्या दिशेने 20 मीटरपर्यंतचेच बारकावे दिसतात, त्यात आपली गल्ली कुठे बसणार? शिवाय एका उपग्रहाला त्याच कक्षेवर परतायला 12 दिवस लागतात आणि आपल्या भागावरून तो सकाळी किंवा सायंकाळी सहाच्या सुमारास जातो. ऑगस्ट 2019 मध्ये निपाणीजवळच्या यमगर्णी येथे वेदगंगा नदीचे पाणी महामार्गावर आले होते. तसा पसरलेला, रेंगाळणारा पूर त्याच्या तावडीत सापडतो. दुपारी तुंबून रात्री ओसरणारे आमचे पाणी बहुधा निसटते.

क-105 : जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या रडार उपग्रहाने हे सुटेल का?

ब-302 : त्याची सुमारे 24 सेंटिमीटरची लहर पानांतून खाली उतरते, त्यामुळे झाडोऱ्याखालचे पाणी अधिक चांगले दिसेल. मात्र 12 दिवसांचा फेरा त्यालाही आहे आणि भिंती तर आपल्याच आहेत.

अ-104 : मग अर्जाला काय जोडावे?

ब-302 : नकाशा जोडायचाच असेल तर प्रतिमेची तारीख व वेळ लिहून, केवळ शिवाराच्या पाण्यासाठी जोडावा आणि क-201 यांनी सांगितलेली लागवडीची बाबही त्यात नमूद करावी. सोसायटीसाठी भिंतीवरील पाण्याच्या खुणेचा, शेजारी टेप धरून काढलेला फोटो द्यावा.

सचिव : शनिवारपर्यंत कोणीही पार्किंगची भिंत धुऊ नये. वॉचमनला तशी सूचना दिली आहे.