सोन्याचे रस्ते, मोत्यांच्या वेशी आणि 'समुद्र राहिला नव्हता' : प्रकटीकरण वाचायचं तरी कसं?

नौपाड्याची_लेक

शनिवारी रात्री आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट आली. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली स्वर्गीय नगरी लांबीला २२०० किलोमीटर, रुंदीला तेवढीच, उंचीलाही तेवढीच. मग तिचं घनफळ काढलंय, त्याला आजवरच्या सगळ्या विश्वासणाऱ्यांच्या संख्येने भागलंय आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती जागा येईल ते सांगितलंय. खाली सोन्याच्या रस्त्याचं चित्र आणि 'तुमची जागा बुक झाली का?' असा प्रश्न. घोडबंदर रोडच्या होर्डिंगवर टॉवरची जाहिरात असते, अगदी तशी.

मला राग का आला ते सांगते. माझी आई फेब्रुवारीत गेली. ती एका नर्सिंग होममध्ये आया होती. माझ्या कॉलेजच्या फीसाठी तिने हातातल्या दोन पाटल्या जांभळी नाक्यावरच्या एका सावकाराकडे ठेवल्या. एक सुटली, दुसरी नाही. त्या मोकळ्या मनगटावर ती बोलता बोलता अंगठा फिरवायची. शेवटपर्यंत सवय गेली नाही. तिच्यासाठी प्रार्थना ठेवली तेव्हा एक जण मला म्हणाले, "रडू नकोस, आई आता सोन्यावरून चालतेय." आणि आता ही पोस्ट.

अहो, ते पुस्तक सलग वाचा ना! १७व्या अध्यायात सोनं आणि मोती कोणाच्या अंगावर आहेत? मोठ्या बाबेलच्या, म्हणजे बाईच्या रूपात दाखवलेल्या रोमच्या. १८व्यात तिचे व्यापारी रडतात, त्यांच्या मालाची यादी सोन्यापासून सुरू होते आणि संपते कुठे, तर माणसांच्या जिवांवर. रोम माणसं विकत होतं आणि हे पुस्तक लिहिणारा योहान पात्म बेटावरून ते बघत होता. तेच सोनं २१व्या अध्यायात परत येतं ते पायाखाली. आपण मुरूम टाकतो त्या जागी. ज्याच्यासाठी माणूस माणसाला विकत होता, ते तुडवायच्या लायकीचं झालं, हा त्या दृष्टान्ताचा अर्थ आहे. 'तिकडे खूप सोनं मिळेल' असा अर्थ काढणारा माणूस अजून बाबेलच्याच दुकानात उभा आहे.

विश्वासू_सेवक (कोपरखैरणे)

ताई, प्रभूची स्तुती असो. ती पोस्ट ग्रुपवर मी टाकली, लपवत नाही. तुमच्या आईबद्दल मनापासून वाईट वाटलं.

पण मला एक सांगा. सोनं चिन्ह, वेशी चिन्ह, माप चिन्ह. मग त्याच अध्यायात चौथ्या वचनात देव डोळ्यांचं पाणी पुसून टाकील असं लिहिलंय, तेही चिन्हच का? मरण नाहीसं होणार, तेही? कुठे थांबायचं ते कोण ठरवणार, तुम्ही? दूताच्या हातात सोन्याचा बोरू, म्हणजे मोजायची काठी आहे, तो मोजतोय, आणि हे माणसाच्या हाताचं माप आहे असं वचन स्वतः सांगतं. मोजायचंच नव्हतं तर मोजलं कशाला?

मी बारा वर्षं आजाऱ्यांच्या भेटीला जातोय. खाटेवरचा माणूस कधी 'अर्थ काय' असं विचारत नाही. 'खरं आहे ना?' एवढंच विचारतो. माझ्या वडिलांनी शेवटच्या रात्री मला विचारलं, तिथे अंधार नसेल ना रे? त्यांना लहानपणापासून अंधाराची भीती होती. तिथे रात्र नाही असं लिहिलंय, ते मी वाचून दाखवलं आणि त्यांचा हात सैल झाला. त्या वेळी मी काय सांगायला हवं होतं, की बाबा, हे प्रतीक आहे?

नौपाड्याची_लेक

वडिलांना तुम्ही वाचून दाखवलंत ते योग्यच केलंत. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

पण मापाचं म्हणताय तर मापच बघू. नगरी चौकोनी, लांबी-रुंदी-उंची सारखी. शास्त्रात असा दुसरा घन कुठे आहे? १ राजे ६:२०. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच, आतून शुद्ध सोन्याने मढवलेलं. तिथे फक्त प्रमुख याजक जायचा, तोही वर्षातून एकदा, रक्त घेऊन. योहान म्हणतो की आता सगळी नगरीच ती खोली झाली. म्हणून तर पुढे लिहिलंय की तिथे मंदिर दिसलं नाही. दूत मोजतो ते हे दाखवायला. तुमच्या गणिताने उंची धरली तर अवकाश स्थानक फिरतं त्याच्या पाचपट वर जाते, आणि तट फक्त १४४ हात. बारा गुणिले बारा. बारा वंश, बारा प्रेषित.

आणि कुठे थांबायचं ते मी नाही ठरवत, पुस्तकच ठरवतं. पहिल्याच अध्यायात सांगितलंय की सात समया म्हणजे सात मंडळ्या. १७:९ मध्ये सात डोकी म्हणजे सात डोंगर. लिहिणाराच चिन्ह उलगडून दाखवतो आणि आपण मात्र टेप घेऊन बसायचं?

तलावपाळी

तुम्ही दोघं सरळ शेवटच्या पानावर गेलात. चौथा अध्याय कोणी वाचत नाही. सिंहासन, भोवती पाचूसारखं मेघधनुष्य, २४ वडील, समोर स्फटिकासारखा काचेचा समुद्र, आणि सिंह, बैल, माणूस, गरुड असे चार प्राणी, अंगभर डोळे. ते रात्रंदिवस म्हणतात 'पवित्र, पवित्र, पवित्र'. आम्ही कॅथलिक दर मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेत, तेच म्हणतो. स्वर्ग म्हणजे जागा किती मिळेल हे नव्हे, स्वर्ग म्हणजे उपासना. आणि ते चार प्राणी म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारे चार शुभवर्तमानकार.

आता उपासनेचा विषय निघालाच आहे तर बोलते. आमच्याकडे मराठी मिस्सा आधी दर रविवारी होता, मग महिन्यातून एकदा झाला, आता सणालाच. माझी सासू ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची मराठी बोलणारी ख्रिस्ती, नव्वदीला आलीय, इंग्रजी मिस्सात नुसती बसून राहते. सर्व वंश, सर्व भाषा सिंहासनापुढे उभ्या आहेत असं ७:९ मध्ये लिहिलंय. आमची भाषा सिंहासनापुढे चालते, पण आमच्या वेदीपुढे चालत नाही! कोणी मागितलं की उत्तर येतं, "लोक कमी येतात." लोक कमी येतात कारण वेळ पहाटेची दिली.

नौपाड्याची_लेक

काकू, मिस्साबद्दल तुमच्या बाजूने आहे. पण प्राणी म्हणजे शुभवर्तमानकार हे नंतर जोडलेलं आहे. दुसऱ्या शतकात इरेनियस नावाच्या बिशपने जोडलं तेव्हा त्याने योहानाला सिंह दिला आणि मार्काला गरुड. आज चर्चच्या काचेवर उलट असतं. योहानाने ते प्राणी यहेज्केल आणि यशया या जुन्या संदेष्ट्यांकडून घेतले.

तलावपाळी

नंतर जोडलं म्हणून खोटं होत नाही. वाचणारी मंडळीही त्या पुस्तकाचीच असते. ह्याच ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्म्यांचे जीव विचारतात, 'प्रभू, किती वेळ?' ते मी वाचते तेव्हा मला तेच चौघं दिसतात. योहानाला ते ठाऊक असायची गरज नाही.

उत्तनकर

मी उत्तनचा, नोकरीमुळे ऐरोलीत राहतो. कोळी, ख्रिस्ती. माझा प्रश्न सोन्याचा नाही. २१:१ मध्ये नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि पुढे काय लिहिलंय? समुद्रही राहिला नव्हता.

एवढंच. एका ओळीत समुद्र संपवला. लहानपणी हे प्रथम ऐकलं तेव्हा मी आज्याला विचारलं, मग आपण तिथे करायचं काय? आज्या जाळं विणत होता. सुई थांबली, पण उत्तर नाही दिलं.

विश्वासू_सेवक (कोपरखैरणे)

दादा, घाबरू नका. तिथे समुद्र म्हणजे आपला समुद्र नव्हे. १३व्या अध्यायात श्वापद समुद्रातून वर येतं. समुद्र म्हणजे दुष्टता, गोंधळ. तो नाहीसा होणार असा अर्थ आहे.

नौपाड्याची_लेक

थांबा. सोनं खरंखुरं आणि समुद्र मात्र चिन्ह? हे कसं जमतं? जे आपल्याला हवं ते जसंच्या तसं ठेवायचं आणि जे अडचणीचं ते चिन्ह म्हणायचं?

विश्वासू_सेवक (कोपरखैरणे)

तुम्हाला फक्त जिंकायचंय, ताई. मी त्या भावाला धीर देत होतो.

नौपाड्याची_लेक

जिंकायचं नाही. मला धीर ज्या भाषेत दिला गेला, ती भाषा माझ्या आईचा अपमान होती, म्हणून बोलतेय. उत्तनकर, योहान बेटावर कैदेत होता. त्याच्या सात मंडळ्या पलीकडच्या किनाऱ्यावर, मध्ये पाणी. त्याच्यासाठी समुद्र म्हणजे तुरुंगाची भिंत. रोमची जहाजं त्याच पाण्यावरून माल आणि गुलाम न्यायची. भिंत पडली, असं तो म्हणतोय.

उत्तनकर

त्याची भिंत असेल. आमचं अंगण आहे. तुम्ही दोघंही समुद्र म्हणजे वाईट असं किती सहज लिहून मोकळे झालात! ज्यांच्या खिडकीखाली पूर्वी खाजण होतं आणि आता पार्किंग आहे, त्यांना हे सोपं जातं. इथे ऐरोलीला २०१५ साली फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य झालं, चांगलं झालं. पण खाडीत आता डोल जाळी लावली तर प्लास्टिक आधी येतं आणि कोळंबी नंतर. निवटी मासळी शोधावी लागते. समुद्र राहिला नव्हता हे वचन आमच्याकडे केव्हाच पूर्ण होत आलंय, आणि ते काही स्वर्गातून उतरलेलं नाही.

तलावपाळी

पण चौथ्या अध्यायात सिंहासनापुढे समुद्र आहे ना बाळा, काचेचा?

उत्तनकर

काचेच्या समुद्रात मासा नसतो, काकू.

आणि समुद्र धोक्याचा आहे हे मला कोणी शिकवू नये. ११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. माझा काका बोटीवर होता. बोटीची एक फळी मिळाली, काका नाही. सात वर्षं कायद्याने तो बेपत्ता होता, मेलेला नव्हता. काकी दाखल्यासाठी एका कार्यालयात खेटे घालायची आणि तिथला माणूस दर वेळी विचारायचा, "बॉडी मिळाली का?" कबर नाही, क्रूस नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावतं, काकी भाटेबंदरावर जाऊन वाळूत लावते. भरतीचं पाणी विझवून जातं. तरीही ती समुद्राला शिवी देत नाही. मुलं त्याच समुद्रावर वाढवली तिने.

विश्वासू_सेवक (कोपरखैरणे)

दादा, मी मघाशी घाईने लिहिलं. माफ करा.

आता फक्त वचन सांगतो, अर्थ सांगत नाही. २१:१च्या आधी, २०:१३ बघा. समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो. आधी ते, आणि त्यानंतरच समुद्र राहिला नव्हता असं येतं. क्रम बघा.

नौपाड्याची_लेक

हा क्रम माझ्या लक्षात आला नव्हता. इतकी वर्षं वाचतेय आणि २०:१३ वरून पुढे निघून जात होते. सेवकदादा, हे तुमचं बरोबर आहे, आणि जड जातंय तरी मान्य करते. त्या काकींना 'हे चिन्ह आहे' असं मला सांगता येणार नाही. रस्त्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

विश्वासू_सेवक (कोपरखैरणे)

माझंही तेच. रस्ता सोन्याचाच आहे. ती पोस्ट मात्र ग्रुपवरून काढतो. 'बुक' हा शब्द नको होता.

उत्तनकर

काल रात्री काकीला फोन लावला. तिला वाचता येत नाही, नात वाचून दाखवते. २०:१३ काढायला सांगितलं. नातीने वाचलं. काकी म्हणाली, परत वाच. असं तीनदा झालं. मग नात पान उलटून २१ वाचायला लागली, तर काकीने पानावर हात ठेवला, "ऱ्हाऊ दे, यवढंच."